काडतुसाची वाट : नऊ मिलिमीटर कार्बाइनमधील फीडिंगचे दोष आणि त्यांचा शोध

प्रस्तावना

पिस्तुलाचेच काडतूस वापरणारी, परंतु नळी त्याहून लांब असलेली आणि खांद्याला टेकवून चालवण्याजोगी आखूड बंदूक म्हणजे पिस्तूल-कॅलिबरची कार्बाइन. भारतात या वर्गातले सर्वांत परिचित शस्त्र स्टर्लिंग पद्धतीची नऊ मिलिमीटर कार्बाइन हे होय. जॉर्ज पॅचेट या अभियंत्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील डॅगनम येथील स्टर्लिंग कंपनीत तिची रचना केली, १९५३ मध्ये ब्रिटिश सैन्याने ती स्वीकारली आणि पुढे परवान्याखाली तिचे उत्पादन कानपूरच्या लघुशस्त्र कारखान्यात होऊ लागले. तेव्हापासून सैन्यात, निमलष्करी दलांत आणि महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या पोलीस दलांत तिने कित्येक दशके सेवा बजावली. या शस्त्राविषयी शिपायाची तक्रार बहुधा दोनच शब्दांत आर्मोररपर्यंत, म्हणजे शस्त्रागारातील दुरुस्ती-कारागिरापर्यंत, पोहोचते : ‘राउंड अडकतो.’ या दोन शब्दांच्या पोटात निदान सहा-सात निरनिराळे दोष दडलेले असतात, त्यांची कारणे एकमेकांहून अगदी भिन्न असतात, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर चांगले शस्त्रही बिघडते. प्रस्तुत ग्रंथ हे दोष वेगवेगळे ओळखायला शिकवतो.

ग्रंथाची भूमिका आरंभीच सांगणे इष्ट आहे. फीडिंग, म्हणजे मॅगझिनमधून काडतूस उचलले जाऊन चेंबरमध्ये नीट बसण्याची क्रिया, बिघडली की सर्वसाधारणपणे हात प्रथम शस्त्राच्या अंगाकडे जातो : बोल्ट घासला जातो, स्प्रिंग बदलली जाते, चेंबरला पॉलिश होते. वास्तविक या क्रियेचा निम्मा भाग मॅगझिनमध्ये घडतो, आणि मॅगझिन हाच असा भाग आहे की जो हातातून पडतो, पट्ट्यातल्या पाकिटात दाबला जातो, एका शस्त्राचा दुसऱ्याला लावला जातो आणि ज्याची स्वतंत्र नोंद क्वचितच ठेवली जाते. शस्त्राला बट नंबर असतो, त्याचा इतिहास रजिस्टरमध्ये असतो. मॅगझिन मात्र पेटीत सरमिसळ पडलेले असते. म्हणून दोष शोधताना शस्त्राचा माग न काढता काडतुसाचा माग काढावा, ते मॅगझिनच्या तळापासून नळीच्या तोंडापर्यंत कोणत्या वाटेने जाते आणि त्या वाटेवर कोठे ठेचाळते हे पाहावे, अशी या ग्रंथाची पद्धत आहे.

ही चर्चा बोईसर-तारापूरच्या परिसराला धरून केलेली आहे, यालाही कारण आहे. बोईसरला लागून असलेले सरावली, त्याच्या आसपास पसरलेली तारापूरची औद्योगिक वसाहत, पश्चिमेला काही किलोमीटरवर चिंचणी-तारापूरचा समुद्र आणि किनाऱ्यावरचे अणुऊर्जा केंद्र, असा हा टापू आहे. या केंद्रातील पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये कार्यान्वित झाल्या आणि ज्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलावर देशातील अशा आस्थापनांच्या रक्षणाची जबाबदारी आहे त्याची स्थापनाही त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर पोलीस मुख्यालय, शस्त्रागार आणि किनारी गस्त यांची घडी जिल्ह्याच्या पातळीवर नव्याने बसली. मुंबईवरील २००८ चा हल्ला समुद्रमार्गे झाल्यामुळे सातपाटी, केळवे यांसारख्या सागरी पोलीस ठाण्यांचे महत्त्व तत्पूर्वीच वाढलेले होते. खारी हवा, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि रासायनिक कारखान्यांचे धूर या तिन्हींचा संगम महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी इतका दाट आहे. लोखंड, पितळ आणि स्प्रिंग यांवर या हवेचा जो परिणाम होतो तो फीडिंगच्या दोषांच्या मुळाशी अनेकदा असतो. शिवाय सरावलीच्या भोवतालच्या कारखान्यांत तार ओढणारे, पत्रा दाबणारे, गेज लावून माप तपासणारे जे कुशल कामगार आहेत त्यांना या ग्रंथातला विषय परका वाटू नये. औषध-कारखान्यात कॅप्सूल नळीतून एकामागून एक खाली सरकत भरणयंत्राच्या खाचेत पडते आणि एक तिरकी पडली की सगळी रांग थबकते, नेमका तोच प्रश्न येथे एका सेकंदाच्या नवव्या हिश्श्यात सोडवायचा असतो.

हा नवव्या हिश्श्याचा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे. स्टर्लिंग कार्बाइन स्वयंचलित चालीत मिनिटाला सुमारे ५५० गोळ्या झाडते, म्हणजे एका आवर्तनाला साधारण ०.११ सेकंद मिळतो. तेवढ्या अवधीत बोल्ट मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, मागची मोठी स्प्रिंग बोल्टला पुन्हा पुढे ढकलते, आणि दरम्यान मॅगझिनमधील स्प्रिंगने उरलेल्या सर्व काडतुसांची रास एका पायरीने पुढे सरकवून नवे काडतूस तोंडाशी आणून ठेवलेले असावे लागते. बोल्टची ये-जा आणि राशीची सरकण ही दोन स्वतंत्र घड्याळे आहेत. ती जुळली तर शस्त्र चालते. राशीला उशीर झाला, मग तो मॅगझिनमधील कचऱ्यामुळे असो, थकलेल्या स्प्रिंगमुळे असो वा चेपलेल्या पत्र्यामुळे असो, बोल्ट काडतुसाच्या पेंद्यावरून निसटून रिकामाच पुढे जातो किंवा काडतुसाच्या मधल्या अंगावर आदळतो. शिपायाच्या दृष्टीने दोन्ही वेळा ‘राउंड अडकला’; आर्मोररच्या दृष्टीने पहिल्यात काडतूस जागेवर आलेच नाही आणि दुसऱ्यात ते अर्धवट आले.

आता खुद्द काडतुसाकडे वळू. जॉर्ज लुगर याने १९०२ च्या सुमारास सिद्ध केलेले ९ × १९ मिलिमीटर काडतूस आज जगात सर्वाधिक प्रचारातले पिस्तूल-काडतूस आहे. त्याची पुंगळी दिसायला सरळ वाटते, पण ती सरळ नाही : पेंद्याजवळ तिचा व्यास सुमारे ९.९३ मिलिमीटर आणि तोंडाशी ९.६५ मिलिमीटर असतो. हा पाव मिलिमीटरहून थोडा अधिक उतार चेंबरमधून पुंगळी सहज सुटावी म्हणून उपयोगी पडतो, पण रास रचताना तोच अडचणीचा ठरतो. अशी १७ काडतुसे एकावर एक सरळ रचली, तर पेंद्याच्या बाजूची उंची तोंडाच्या बाजूपेक्षा चार मिलिमीटरहून अधिक होते, म्हणजे रास आपोआप वाकते. सरळ पेटीच्या मॅगझिनमध्ये ही वाकू पाहणारी रास कोंबली की वरची काडतुसे नाक खाली घालतात किंवा पत्र्याला घासतात. पॅचेटने स्टर्लिंगचे ३४ काडतुसांचे मॅगझिन वक्र केले ते याच कारणाने. जर्मनीच्या हेक्लर अँड कॉख कंपनीची एमपी-५ ही कार्बाइन १९६० च्या दशकात सरळ मॅगझिन घेऊन आली होती. १९७७ मध्ये कंपनीने तेही वक्र केले. दोन निरनिराळ्या देशांतील दोन निरनिराळ्या रचना एकाच निष्कर्षाला आल्या, कारण दोघींनाही ते पाव मिलिमीटर चुकवता आले नाही.

मॅगझिनविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण या ग्रंथाचा गाभा तेथेच आहे. मॅगझिनचे चार भाग असतात : पत्र्याची पेटी, आतली स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर बसलेला आणि काडतुसांना आधार देणारा प्लॅटफॉर्म, आणि तळाचे झाकण. पेटीच्या तोंडाशी पत्र्याच्या दोन कडा आत वळवलेल्या असतात, त्यांना लिप्स म्हणतात; वरचे काडतूस स्प्रिंगच्या दाबाने या कडांना टेकून थांबते आणि बोल्टचा धक्का बसताच त्यांच्यातून पुढे सटकते. काडतुसाचे नाक कोणत्या कोनात निघेल, ते किती पुढे गेल्यावर कडांच्या पकडीतून सुटेल आणि सुटल्यावर चेंबरच्या तोंडाशी कोठे टेकेल, हे सारे त्या दोन कडा ठरवतात. त्यांच्यातील अंतर थोडे रुंदावले तर काडतूस वेळेआधी सुटून वर उसळते; थोडे आवळले तर ते पकडून धरले जाते आणि बोल्टचा वेग त्यातच खर्च होतो. मॅगझिन उलटे होऊन तोंडावर फरशीवर पडणे, एवढे एक निमित्त कडा बिघडायला पुरेसे असते. वाकलेली कड डोळ्यांनी ओळखणे कठीण असते. तिला गेज लावूनच पाहावे लागते, आणि पक्कड घेऊन अंदाजाने ती सरळ करण्याचा मोह हा शस्त्रागारातील सर्वांत महाग पडणारा मोह आहे, कारण एकदा वाकवून पुन्हा सरळ केलेला पत्रा पूर्वीचा ताण धरत नाही आणि दोष काही दिवसांनी अधिक बेभरवशाच्या रूपात परततो.

मॅगझिनच्या रचनेत दोन घराणी आहेत आणि त्यांतला फरक समजला की जुन्या-नव्या शस्त्रांतले बरेच कोडे उलगडते. पहिल्या घराण्यात काडतुसांच्या दोन रांगा तोंडाजवळ निमुळत्या होऊन एका रांगेत मिसळतात. जर्मनीच्या एमपी-४० मध्ये आणि १९४१ साली घाईघाईने उत्पादनात आणलेल्या ब्रिटिश स्टेन गनमध्ये हीच व्यवस्था होती. दोन काडतुसे त्या निमुळत्या गळ्याशी एकाच वेळी आली की ती एकमेकांत आणि पत्र्यात पाचरीसारखी बसतात, घर्षण एकदम वाढते, आणि थोडीशी धूळही रास रोखून धरते. स्टेनच्या ३२ काडतुसांच्या मॅगझिनमध्ये २८ ते ३० च भरावीत अशी पद्धत सैनिकांत पडली ती या अनुभवातून. दुसऱ्या घराण्यात दोन रांगा शेवटपर्यंत दोनच राहतात आणि डाव्या-उजव्या कडेखालून आळीपाळीने एकेक काडतूस निघते. स्टर्लिंग या दुसऱ्या घराण्यातली आहे. तिच्या प्लॅटफॉर्मला पॅचेटने दोन लहान रूळ बसवले, त्यामुळे काडतूस प्लॅटफॉर्मवर घासत न जाता गडगडत आपल्या बाजूला जाते. पॅचेटच्या या मॅगझिनला पिस्तूल-काडतुसासाठी आजवर बनलेल्या उत्कृष्ट मॅगझिनांपैकी एक मानावे लागते, आणि नवी शस्त्रे रचणाऱ्यांनी त्याचा अभ्यास जितका करायला हवा तितका होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

स्प्रिंगविषयी एक समज खूप रुजलेला आहे : मॅगझिन भरून ठेवले की स्प्रिंग ‘मरते’, म्हणून काही दिवसांनी ते रिकामे करून स्प्रिंगला ‘आराम’ द्यावा. तार ओढणाऱ्या कारखान्यातला जाणता कामगार सांगेल की योग्य प्रतीच्या पोलादाची, योग्य उष्णोपचार केलेली स्प्रिंग तिच्या लवचीकतेच्या मर्यादेत दाबून ठेवली तर फारशी थकत नाही. तिला थकवते ते पुन्हा पुन्हा दाबणे-सोडणे, मर्यादेपलीकडे दाबणे आणि गंज. त्यामुळे दर आठवड्याला मॅगझिन भरणे-रिकामे करणे यात आराम नाही, उलट काम आहे. गंजाने तारेच्या पृष्ठभागावर पडलेला सूक्ष्म खड्डा ही तर थेट भेगेची सुरुवात असते. स्प्रिंगची मुक्त लांबी नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून मोजणे आणि मधले वेढे समान अंतरावर आहेत का ते पाहणे, एवढी साधी तपासणी बहुतेक शंका मिटवते.

दोषाचा माग काढण्याचे सर्वांत विश्वासू साधन म्हणजे अडकलेले काडतूस स्वतः, आणि नेमके तेच घाईत फेकून दिले जाते. शस्त्र सुरक्षित दिशेला धरून, प्रथम मॅगझिन काढून, मग बोल्ट मागे धरून ते काडतूस बाहेर घेतले आणि उजेडात फिरवून पाहिले, तर त्याच्या अंगावर घटनेची पूर्ण हकीकत लिहिलेली असते. गोळीच्या नाकाच्या खालच्या बाजूला चपटा डाग असेल, तर नाक चेंबरच्या तोंडाखाली आदळले आहे : रास पुरेशी वर आली नव्हती किंवा पुढची बाजू खाली कललेली होती. डाग नाकाच्या वरच्या अंगाला असेल, तर काडतूस कडांतून लवकर सुटून उसळले आहे, म्हणजे लिप्सचे अंतर तपासावे. पुंगळीच्या मध्यावर अर्धचंद्राकृती खोल ओरखडा दिसत असेल, तर बोल्टची खालची कड पेंद्याऐवजी तेथे बसली आहे, आणि याचा अर्थ राशीला उशीर झाला. पुंगळीच्या लांबीभर दोन बारीक समांतर रेघा म्हणजे लिप्सच्या कडेवर उभा राहिलेला काटा. गोळी पुंगळीत आत दाबली गेलेली असेल, तर तिने कशाला तरी जोरात टक्कर दिलेली आहे किंवा तेच काडतूस यापूर्वी अनेकदा चेंबरमध्ये चढवून उतरवलेले आहे. या शेवटच्या प्रकाराकडे विशेष लक्ष हवे. ड्यूटी बदलताना शस्त्र रिकामे करण्याची पद्धत असलेल्या प्रत्येक ठिकाणी वरचे तेच काडतूस पुन्हा पुन्हा वापरले जाते, आणि बंद बोल्टवरून झाडणाऱ्या पिस्तुलात व नव्या धर्तीच्या कार्बाइनमध्ये दर वेळी गोळी थोडी आत सरकण्याची शक्यता असते; काडतूस आखूड झाल्याने फीडिंग तर बिघडतेच, शिवाय आतली पोकळी कमी झाल्याने झाडताना दाब धोकादायकरीत्या वाढतो. असे काडतूस वेगळे काढून नष्ट करण्यासाठी परत करणे हाच उपाय आहे.

येथे खुल्या बोल्टचा अर्थ सांगितला पाहिजे. स्टर्लिंगसारख्या शस्त्रात झाडण्यापूर्वी बोल्ट मागे अडकवलेला असतो. ट्रिगर ओढताच तो पुढे येतो, काडतूस उचलतो, चेंबरमध्ये नेतो आणि त्याच धावेत त्याच्या तोंडावरची स्थिर पिन काडतुसाच्या पेंद्यातील टोपीवर आदळून ते उडते. काडतूस उडाले की गॅसच्या दाबाने पुंगळी मागे सरते आणि जड बोल्टला मागे लोटते. कुलूप असे काही नसते, बोल्टचे वजन आणि स्प्रिंगचा जोर हेच त्याला क्षणभर रोखतात. या साधेपणाची एक गंभीर बाजू आहे. काडतुसातील दारू कमकुवत झाल्याने, चेंबर घाण झाल्याने किंवा बोल्टच्या मार्गात चिकट तेल साचल्याने बोल्ट जितका मागे जायला हवा तितका गेला नाही, तर तीन गोष्टी घडू शकतात. अगदीच कमी गेला तर पुंगळी बाहेर पडत नाही. थोडा अधिक गेला तर पुंगळी पडते पण नवे काडतूस उचलले जात नाही. आणि नवे काडतूस उचलण्याइतका, पण मागच्या अडकणीत अडकण्याइतका नाही, असा मधलाच गेला, तर ट्रिगर सोडलेला असतानाही शस्त्र आपोआप झाडत राहते. ज्याला शिपाई ‘फीडिंगचा प्रॉब्लेम’ म्हणून सांगतो त्यातला काही भाग वस्तुतः या अर्धवट मागे जाण्याचा असतो, आणि त्यात मॅगझिन बदलून काहीही साधत नाही. म्हणूनच खुल्या बोल्टच्या शस्त्रात अडकलेले काडतूस सोडवताना मॅगझिन आधी काढायचे, हा क्रम कोणत्याही घाईत मोडता कामा नये : मॅगझिन जागेवर असताना बोल्ट हातातून सुटला तर तो नवे काडतूस उचलून उडवू शकतो. पॅचेटने बोल्टच्या अंगावर मळसूत्री उंचवटे ठेवले, ते आतली घाण खरवडून बाजूला सारतात. तरीही ही सोय सफाईला पर्याय ठरत नाही.

सरावलीच्या हवेचा प्रश्न आता अधिक स्पष्ट होईल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या औद्योगिक प्रदूषण निर्देशांकात तारापूर देशात सर्वांत वर होते, ही गोष्ट या भागातील रहिवाशांच्या आरोग्याच्या संदर्भात वारंवार सांगितली जाते आणि ती तशी सांगितली गेलीच पाहिजे. धातूंच्या संदर्भातही तिला अर्थ आहे. समुद्रावरून येणाऱ्या हवेतले क्षार ओलसर पोलादावर बसले की गंज धरायला एक रात्र पुरते. चेंबरमध्ये गंजाचे बारीक खड्डे पडले की पुंगळी झाडताना फुगून त्यांत रुतते, एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पेंद्याजवळच्या खाचेत अडकून पुंगळी ओढणारा नखाच्या आकाराचा भाग, ती सोडवू शकत नाही, आणि मागून आलेले नवे काडतूस तिच्यावर आदळते. पितळाचे दुखणे वेगळे. त्यावरचा हिरवा थर काडतुसाचा व्यास वाढवतो आणि ते मॅगझिनमध्ये सरकेनासे होते. पण त्याहून गंभीर आहे तो अमोनियाचा परिणाम. ब्रिटिश राजवटीत हिंदुस्थानातील सैन्याच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जात, आणि त्याला सीझन क्रॅकिंग असे नाव पडले. तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांवर घोड्यांच्या मुतातील अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढताना त्यात उरलेला ताण यांचा तो एकत्रित परिणाम असल्याचे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर पुंगळीचा ताण उष्णतेने उतरवण्याकडे कारखान्यांत कटाक्षाने लक्ष दिले जाऊ लागले. आज तबेले गेले, पण शीतगृहे आणि रासायनिक कारखाने यांत अमोनिया आहे, पाऊस तोच आहे, आणि म्हणून अशा वसाहतीच्या जवळपास दारूगोळा उघड्या पेटीत ठेवणे चुकीचे आहे. मूळ सीलबंद वेष्टन शक्य तितके उशिरा फोडावे आणि फोडलेली पेटी आधी संपवावी.

तेलाचा अतिरेक हा याच हवेने लावलेला चुकीचा धडा आहे. गंजाच्या भीतीने मॅगझिनच्या आत तेल ओतले जाते, ते धूळ आणि कापडाचे तंतू धरते, काही आठवड्यांत त्याचा चिकटा बनतो आणि प्लॅटफॉर्म त्यात अडखळू लागतो. तेल काडतुसाच्या टोपीतून आत झिरपले तर काडतूस फुसके होण्याचीही भीती असते. किनारी गस्तीच्या बोटीवरून परतलेल्या शस्त्राचे मॅगझिन उघडून, पुसून, कोरडे करून, मग स्प्रिंगला आणि पत्र्याला बोटाने लावता येईल इतकाच तेलाचा हात द्यावा, आणि काडतुसे पूर्ण कोरडी ठेवावीत. हे काम दहा मिनिटांचे आहे आणि ते त्याच दिवशी व्हायला हवे.

काडतुसांच्या उत्पादनाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. त्याच्या नऊ मिलिमीटर काडतुसांच्या पेंद्यावर ‘केएफ’ ही अक्षरे आणि ‘२झेड’ ही ब्रिटिश परंपरेतून आलेली खूण आढळते, ज्यातला ‘झेड’ नायट्रोसेल्युलोज जातीची दारू दर्शवतो. जळगाव जिल्ह्यातील वरणगावचा कारखानाही लहान शस्त्रांचा दारूगोळा बनवतो. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा दारूगोळा बनवणारे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले. पेंद्यावरची खूण आणि पेटीवरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या काडतुसांच्या तुकडीचा क्रमांक, दोष शोधणाऱ्याच्या दृष्टीने फार मोलाचे असतात. एकाच लॉटची काडतुसे तीन वेगळ्या शस्त्रांत अडकली तर संशय शस्त्रावरून उठून काडतुसावर जातो. पण हे कळण्यासाठी लॉट नंबर लिहून ठेवलेला असावा लागतो.

वापरणाऱ्याच्या हाताचाही वाटा मोठा आहे. स्टर्लिंग आणि तिच्याआधीची स्टेन यांचे मॅगझिन डाव्या बाजूला आडवे बाहेर आलेले असते, आणि ते मूठ म्हणून धरावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु डाव्या हाताने मॅगझिन धरले की प्रत्येक गोळीच्या हिसक्याबरोबर त्याचा कोन बदलतो, त्याला धरून ठेवणारी खिट्टी झिजते, आणि काडतूस चेंबरच्या तोंडाशी वेगवेगळ्या जागी येऊ लागते. डावा हात नळीवरच्या भोके असलेल्या आवरणावर हवा, हे प्रशिक्षणात सांगितले जाते. तणावाच्या क्षणी ते टिकायचे तर प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव पुरेसा हवा. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने पोलिसांना सरावासाठी दारूगोळा पुरेसा मिळत नसल्याकडे लक्ष वेधले होते. त्याचा एक परिणाम नेमबाजीवर होतो आणि दुसरा, कमी बोलला जाणारा, शस्त्राच्या भरवशावर होतो : जे मॅगझिन वर्षानुवर्षे कधी झाडूनच पाहिले नाही, त्यातला दोष शस्त्रागारात कोणालाच ठाऊक नसतो.

नव्या शस्त्रांनी प्रश्न संपवलेला नाही, त्याचे रूप बदलले आहे. पुण्याच्या पाषाण येथील आयुध संशोधन आणि विकास आस्थापनेने ५.५६ × ३० मिलिमीटर काडतुसाची कार्बाइन विकसित केली. तिचे काडतूस पिस्तूल-वर्गातले नाही, म्हणून या ग्रंथात तिचा ओझरता उल्लेख आहे. ‘अस्मी’ ही ९ × १९ मिलिमीटरची मशीन-पिस्तूल मात्र थेट विषयात येते. जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झालेले हे शस्त्र त्याच आस्थापनेने महू येथील इन्फन्ट्री स्कूलबरोबर चार महिन्यांत विकसित केले, आणि त्याच्या रचनेत लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचा प्रमुख वाटा आहे. पुढे उत्तर कमांडने त्याची मागणीही नोंदवली. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, पिस्तुलाचेच मॅगझिन वापरणाऱ्या कार्बाइनांचा प्रसार मोठा आहे. एकच काडतूस दोन शस्त्रांत ही कल्पना १८७३ च्या विंचेस्टर रायफलीइतकी जुनी आहे, आणि तिचे आकर्षण उघड आहे. पण पिस्तुलाचे मॅगझिन पिस्तुलाच्या मुठीतील कोनासाठी बनलेले असते, आणि तेच जड, सरळ धावणाऱ्या बोल्टसमोर ठेवले की काडतुसाचा चढ आणि बोल्टचा वेग यांचा मेळ नव्याने घालावा लागतो. गोळीचे नाक पोकळ किंवा बोथट असेल तर हा मेळ आणखी नाजूक होतो. नव्या मॅगझिनांचे प्लास्टिकचे लिप्स वाकत नाहीत, ते झिजतात किंवा चिरतात, आणि त्यांचे गेज वेगळे असते.

ग्रंथाच्या मर्यादेविषयी निःसंदिग्धपणे सांगायचे, तर तो अधिकृत आर्मोरर, प्रशिक्षक आणि शस्त्रविद्येचे अभ्यासक यांच्यासाठी आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार स्वयंचलित शस्त्रे प्रतिबंधित वर्गात मोडतात, आणि बोईसरच्या बँकेच्या दारात उभ्या असलेल्या रक्षकाच्या हाती परवान्याची १२ बोअरची दुनळी दिसते ती त्यामुळेच. येथील तपासण्या शस्त्रागाराबाहेर करण्यासाठी नाहीत, आणि शस्त्राच्या कोणत्याही भागात फेरफार करण्याची कृती या ग्रंथात दिलेली नाही. दोष ओळखणे, सुटा भाग बदलणे आणि शस्त्र वरिष्ठ कार्यशाळेकडे पाठवण्याचा निर्णय घेणे, एवढीच त्याची व्याप्ती आहे.

पद्धतीचा मुद्दा शेवटच्या प्रकरणात सविस्तर आला आहे, तरी त्याची चौकट येथे मांडणे योग्य होईल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रथम शस्त्र आणि काडतुसे तीच ठेवून मॅगझिन बदलावे. दोष गेला तर मॅगझिनवर खूण करून ते बाजूला ठेवावे आणि ते दुसऱ्या चांगल्या शस्त्रात लावून दोष त्याच्याबरोबर जातो का ते पाहावे. दोष राहिला तर वेगळ्या लॉटची काडतुसे घ्यावीत. तेव्हाही राहिला तरच शस्त्राच्या अंगाकडे वळावे, आणि तेथेही चेंबर, एक्स्ट्रॅक्टर, बोल्टचे तोंड, मागची स्प्रिंग असा क्रम ठेवावा. हाताने बोल्ट सरकवून निर्जीव ड्रिल राउंड चढवून पाहणे उपयोगाचे आहे, पण त्यातून फक्त कोन आणि घर्षण कळते, वेळेचा मेळ कळत नाही; तो फायरिंग बटवर, प्रत्यक्ष काडतुसांनी, भरलेल्या मॅगझिनच्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या गोळीपर्यंत जाऊनच तपासावा लागतो. भरलेल्या मॅगझिनच्या पहिल्या दोन-तीन गोळ्यांशी अडत असेल तर स्प्रिंगवरचा दाब किंवा लिप्सची पकड गरजेपेक्षा जास्त आहे. शेवटच्या दोन-तीन गोळ्यांशी अडत असेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा प्लॅटफॉर्म कलला आहे. आणि कोठेही, काहीही नियम न धरता अडत असेल तर घाण, चेपलेला पत्रा किंवा मिसळलेले लॉट यांचा शोध घ्यावा.

यासाठी प्रत्येक मॅगझिनवर पक्क्या रंगाने किंवा उथळ ठशाने क्रमांक टाकून त्याचे स्वतंत्र पान ठेवण्याची शिफारस ग्रंथात आहे. त्या पानावर मॅगझिन ज्या शस्त्राबरोबर झाडले त्याचा बट नंबर, काडतुसांचा लॉट, झाडलेल्या गोळ्या, कितव्या गोळीला अडले, अडकलेल्या काडतुसावरची खूण कोठे होती, स्प्रिंगची मुक्त लांबी, लिप्सच्या गेजचा निकाल आणि ते समुद्रावरच्या ड्यूटीला गेले होते का, एवढे रकाने पुरेत. नमुन्याचे पान परिशिष्टात दिले आहे. किनाऱ्यावरील ठाण्यांसाठी त्यात पावसाळ्यापूर्वीच्या आणि पावसाळ्यानंतरच्या तपासणीच्या तारखांसाठी दोन जादा रकाने ठेवले आहेत.